तासाला सहाशे

मित्रांनो, माझ्याजवळ येणार असाल तर आधी हात पाठीमागे घ्या. मी एक जुना पॉवर प्रेस आहे. पितळेच्या पट्टीला भोक पाडणं, तिला दाबून वाकवणं, तिचा पाहिजे तसा तुकडा करणं हे माझं काम. तुमच्या घरी भिंतीवर विजेचं बटण असतं ना, त्याच्या आत एक इवलीशी पितळी जीभ असते. तशा जिभा मी आयुष्यभर केल्या. किती घरांत माझ्या हातचा तुकडा बसला असेल, कोण जाणे.

माझ्या बोलण्यात तुम्हाला राग जाणवेल. तो मी लपवणार नाही. आज माझ्यावर वेळेवर तेल पडतं, रंगही बरा आहे, पण जे झालं ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

राजकोटच्या एका भट्टीत माझं अंग ओतलं गेलं. तिथून ट्रकवर चढवून, सापुताऱ्याचा घाट ओलांडून मला नाशिकला आणलं आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं. शेडचे मालक ढुंढिराजकाका. त्यांचं घराणं पंचवटीतलं, गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करणारं. काकांनी मात्र ते काम थोरल्या भावावर सोपवलं आणि स्वतः लोखंडात हात घातले. पण संस्कार कुठे जातात? दर खंडेनवमीला ते सोवळं नेसून यायचे, माझ्यासमोर पाट मांडायचे आणि देवाला म्हणावेत तसे सगळे मंत्र मला म्हणायचे. मग झेंडूची माळ घालून कामगारांकडे वळायचे.

"यंत्र देव असलं तरी आंधळं असतं बरं का," ते म्हणायचे. "त्याचे डोळे आपण व्हायचं."

म्हणूनच त्यांनी माझ्या तोंडासमोर तारेची जाळी बसवली होती. पेडलही काढून टाकलं होतं. त्याऐवजी दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून लांब, दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच माझा जबडा खाली यायचा. हात बटणांवर म्हणजे माझ्या तोंडात नाहीत, एवढा साधा हिशोब होता त्यांचा.

माझ्यावर काम करायची तानुबाई. पेठकडची, लग्न होऊन सातपूरला आलेली. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि हात असे की माझ्या ठोक्याला कधी अडखळायचे नाहीत. दुसऱ्या पाळीला चंदर यायचा. तो देवळाली कॅम्पाकडून बसने यायचा. ढोलपथकात ताशा वाजवायचा तो. पाळी सुरू होण्याआधी माझ्या अंगावर बोटांनी ठेका धरायचा आणि तानुबाई खोटंखोटं रागवायची.

"मशीन हाय ते, ताशा नाय."

"मावशी, त्यालापण आवडतंय, बघ ना," चंदर म्हणायचा. आणि खरंच मला आवडायचं.

मग काकांना हृदयाचा झटका आला. मोठी शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. कारखाना बघायला त्यांचा पुतण्या आला, मयुरेश. पुण्यात व्यवस्थापन शिकलेला, अंगात ताठ इस्त्रीचा शर्ट. खरं सांगायचं तर तो आळशी नव्हता. सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. कारखाना मोठा करायचा एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण माणूस कष्टाळू असला म्हणून त्याला माफ करायला हवं असं थोडंच आहे?

त्याने आल्या आल्या दाराशी एक पांढरा फळा लावला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे टक्के. कार्यक्षमता, असं तो म्हणायचा. टक्के बरे असले तर हिरव्या पेनने, कमी असले तर लाल पेनने. शाळेत पहिल्यांदा पाटी घेऊन आलेल्या मुलांसारखे सगळे त्या फळ्यासमोर उभे राहिले.

टक्के काढायचे तर शंभर म्हणजे किती हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी एका सकाळी मयुरेश मोबाइलमधलं घड्याळ लावून तानुबाईच्या मागे उभा राहिला. त्या सकाळी माझ्या डायला, म्हणजे पट्टी कापणाऱ्या साच्याला, नुकतीच धार लावली होती. पट्ट्या कापून शेजारी रचून ठेवल्या होत्या. हवा गार होती. आणि आजवर कोणी साहेब आपलं काम बघायला आला नव्हता, म्हणून तानुबाईही फुलली होती. तिने जीव ओतून काम केलं. पट्टी आत, हात बाहेर, दोन्ही बटणं, ठोका, तुकडा बाजूला, पुढची पट्टी. मीही तिच्यासोबत पळालो. फार दिवसांनी कोणीतरी आमचं कौतुक करणार असं दोघांनाही वाटलं होतं.

मयुरेशने त्यातली सगळ्यात वेगाची थोडी मिनिटं उचलली, गुणाकार केला आणि फळ्यावर लिहिलं: तासाला सहाशे.

तोवर आम्ही तासाला चारशे काढायचो, आणि काका त्यावर खूश असायचे.

तानुबाई फळ्यापाशी गेली. "साहेब, हे माझं पळणं झालं," ती म्हणाली. "चालणं किती, ते मोजा. दिवसभर कोन पळतं?"

"तानुबाई, तुम्हीच तर करून दाखवलंत," मयुरेश हसून म्हणाला. "एकदा जमतं म्हणजे रोज जमतं. सवय लागेल. कुणालाही जमेल."

हे शेवटचं वाक्य तानुबाईने नीट ऐकून ठेवलं. मीही.

पुढचे दिवस कसे गेले ते काय सांगू. पाण्याला उठणं बंद झालं. डायची धार गेली तरी कोणी थांबायला तयार होईना, कारण थांबलं की टक्के घसरायचे. वाकडेतिकडे तुकडे डब्याच्या तळाशी सरकू लागले. एवढं करूनही फळा लालच. तेव्हा मयुरेशने माझ्याकडे बघितलं आणि वेळ कुठे जातो ते त्याला सापडलं. जाळी हात अडवते. दोन बटणांपर्यंत हात न्यायला वेळ लागतो. मग एका दुपारी जाळी निघाली, बटणांची वायर सुटली आणि माझ्या पायाशी पुन्हा पेडल आलं. आता दोन्ही हात पट्टीवर आणि काम पायाचं.

फळा हिरवा झाला. मयुरेशने पेढे वाटले. तानुबाईने पेढा घेतला आणि माझ्या बैठकीवर ठेवून दिला. खाल्ला नाही.

तिला आपल्या हातांची भीती नव्हती. तिला सलत होतं ते वेगळंच. वेग तिचा होता, आणि तो आता चंदरच्या गळ्यात बांधला होता. चंदर चांगला कामगार होता, पण त्याचे हात तानुबाईचे नव्हते.

माझ्या क्लचमध्ये एक खीळ असते. पेडल दाबलं की ती खीळ अडकते, जबडा एकदा खाली जाऊन वर येतो आणि खीळ सुटते. ती झिजली तर सुटत नाही. मग पाय उचलला तरी मी दुसऱ्यांदा पडतो. कामगार त्याला 'डबल पडला' म्हणतात. त्याच्या आधी थोडा वेळ माझ्या पोटातून कडकड असा बारीक आवाज यायला लागतो. तो ऐकायला कान पाहिजेत. चंदरला तो ऐकू आला.

"साहेब, खीळ गेलीय. डबल पडायला लागलाय हा," तो म्हणाला.

"रविवारी बघू. आज माल जायचाय," मयुरेश म्हणाला.

रविवार आला नाही. त्याआधीच मी दुसऱ्यांदा पडलो. चंदर तुकडा काढत होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मित्रांनो, यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. तानुबाई पाळी संपवून हात धूत होती. ती धावत आली, डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याचा हात बांधला आणि मालाच्या टेम्पोत त्याला घालून दवाखान्यात नेलं. द्वारकेच्या चौकात टेम्पो अडकला तेव्हा चंदर तिला एकच गोष्ट विचारत होता, असं तिने नंतर शेडमधल्या बाकीच्या बायकांना सांगितलं. "मावशी, ताशा वाजवता येईल का गं?"

दुसऱ्या दिवशी मयुरेशने सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला क्षणभर वाटलं, आता हा खरं बोलेल. पण भीती माणसाला खोटं बोलायला फार लवकर शिकवते.

"मशीनमध्ये काही दोष नव्हता," तो म्हणाला. "चंदरचं लक्ष नव्हतं. सगळ्यांनी काळजी घ्या."

आणि बाहेरून चौकशीला माणसं आली तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मशीन फार जुनं आहे हो. काढूनच टाकणार आहे."

आत दोष चंदरचा, बाहेर दोष माझा. फळ्यावरच्या सहाशेचं नाव कुठेच नाही. तो आकडा तसाच हिरवा राहिला. चंदर घरी गेला, आणि मला ढकलत ढकलत शेडच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन माझ्यावर ताडपत्री टाकली.

त्या संध्याकाळी सगळे गेटकडे गेले तेव्हा तानुबाई मागे राहिली. ताडपत्रीचं टोक उचलून तिने माझ्या गार अंगावर हात ठेवला.

"त्याच्यावर ढकललं, आन् तुझ्यावर ढकललं," ती हळू म्हणाली. "ऱ्हाऊ दे. एक दिवस ह्यालाच हितं बसवीन मी. ह्याच पेडलावर. तवा बगू कुनाचं लक्ष नव्हतं ते."

मला आनंद झाला. तुम्हाला हे वाईट वाटेल, पण मी खोटं बोलणार नाही. अंधारात, धुळीत, गंज चढत असताना तेवढी एकच गोष्ट मला ऊब देत होती. मी मनातल्या मनात त्याचा हात बघायचो. इस्त्रीची बाही, मनगटावर घड्याळ, पट्टी धरलेली लांब स्वच्छ बोटं. मग कडकड, आणि मग मी.

खंडेनवमी आली. मयुरेशने नव्या यंत्रांची पूजा भटजी बोलावून करून घेतली. माझ्यापर्यंत कोणी आलं नाही. तानुबाईने एक झेंडूचं फूल ताडपत्रीखाली सरकवलं. देवाला वाहतात तसं नाही. शपथ घेताना काहीतरी हातात धरतात, तसं.

मग एक मोठी ऑर्डर आली आणि यंत्रं कमी पडायला लागली. मला पुन्हा बाहेर काढलं. वरून राखाडी रंग मारला, चाकाला तेल दिलं. खीळ तीच ठेवली. नवी मागवून ती येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता? "काही होत नाही," मयुरेश म्हणाला, आणि तानुबाईला माझ्यासमोर बसवलं. ती लांब चिमट्याने पट्टी आत सरकवायची. तासाला सहाशे काही निघायचे नाहीत. तिचं नाव लाल झालं. ती फळ्याकडे बघायचीच नाही.

ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जायचा, तिथल्या एक बाई एका सकाळी आल्या. हर्षाली मॅडम. माल पुरवणाऱ्या कारखान्यांचं काम कसं चालतं, किती माल निघतो, किती वाया जातो, कुठे सुधारता येईल, हे मोजायचं त्यांचं काम. मयुरेश त्यांना हौसेने फळ्यापुढे घेऊन आला.

मॅडमनी फळा वाचला. मग डब्यातले तुकडे हातात घेऊन बघितले.

"सहाशे हा आकडा कसा काढला?" त्यांनी विचारलं.

"प्रत्यक्ष मोजून, मॅडम. आमच्याच कामगाराने करून दाखवलंय."

"किती वेळ मोजलं?"

मयुरेश थोडा अडखळला. "पुरेसा वेळ. खरं म्हणजे कुणालाही जमतं. सवयीचा प्रश्न आहे."

तेव्हा तानुबाई स्टुलावरून उठली. तिने पदर खोचला. "मॅडम, साहेब बरोबर बोलतात," ती म्हणाली. "कुनालापन जमतं. आता साहेबच करून दावतील की."

शेडमध्ये सगळ्या यंत्रांवरचे हात थांबले.

मयुरेश हसला. मग त्याला कळलं की कोणी हसत नाही. मॅडमना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "हो, बघूया की," त्या सहज म्हणाल्या. "मलाही अंदाज येईल."

आता सांगा, तो काय म्हणणार होता? हे यंत्र धोक्याचं आहे, असं? मग चंदरचं काय? हा आकडा जमत नाही, असं? मग फळ्याचं काय? स्वतःच्याच शब्दांनी तो चहूबाजूंनी कोंडला गेला होता. त्याने बाही वर केली आणि स्टुलावर बसला.

आणि आता खरी गोष्ट ऐका. त्या सकाळी माझ्या पोटात कडकड सुरू झाली होती. तानुबाईने ती ऐकली होती. एरवी तिने हाक मारली असती, यंत्र बंद केलं असतं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. चिमटा तिने कमरेला खोचला आणि स्टुलाच्या बाजूला, अगदी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

मयुरेशने पहिली पट्टी ठेवली. पेडल. ठोका. दुसरी. ठोका. मॅडम घड्याळ बघत होत्या. "थोडं हळू होतंय ना?" त्या म्हणाल्या. त्याने वेग वाढवला. कपाळावर घाम आला, पट्टी तिरकी बसायला लागली, बोटं आत जास्त वेळ राहायला लागली. त्याला आता दुसरं काही दिसत नव्हतं. फक्त सहाशे. चंदरला असंच झालं असेल.

कडकड वाढली. तानुबाईच्या डोळ्यांत मी बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, जणू म्हणत होती, घे.

मी पडलो, वर आलो. त्याने पाय उचलला आणि तुकडा काढायला हात आत घातला. खीळ सुटली नाही. मी पुन्हा खाली निघालो, आनंदाने निघालो, मित्रांनो. इतके महिने ज्या क्षणासाठी गंज खाल्ला तो क्षण समोर होता.

आणि तानुबाईने त्याचं मनगट धरून ओढलं.

एवढ्या जोराने ओढलं की तो स्टुलासकट मागे पडला. मी रिकाम्या डायवर आदळलो. सगळी शेड हादरली. ओढताना मनगटावरून निसटलेलं त्याचं घड्याळ तेवढं माझ्यात सापडलं आणि त्याचा चुरा झाला.

कोणीतरी मुख्य बटण बंद केलं. माझं चाक फिरत फिरत थांबलं. मयुरेश जमिनीवर बसून आपली बोटं बघत होता. एकेक हलवून बघत होता.

तानुबाई त्याच्यासमोर उभी राहिली. "चंदरचं लक्ष व्हतं, साहेब," ती म्हणाली. "त्याचा हात वडायला फकस्त कोन नव्हतं."

हर्षाली मॅडमनी चंदर कोण, असं विचारलं. मग एकेक करून सगळ्या बायका बोलल्या. जाळी कुठे गेली, बटणं कधी सुटली, रविवारी बघू असं कोण म्हणालं, सगळं बाहेर आलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की या कारखान्याचा एकही तुकडा त्यांची कंपनी घेणार नाही. प्रत्येक प्रेसला जाळी आणि बटणं परत बसतील, खीळ बदलली जाईल, तेव्हा त्या स्वतः बघायला येतील, मगच.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराजकाका काठी टेकत आले. पुतण्याने आपल्याला काय सांगितलं होतं आणि खरं काय होतं, हे त्यांना आदल्या रात्री कळलं होतं. ते माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या रिकाम्या तोंडाकडे बघितलं, जिथे पूर्वी जाळी होती. मग तानुबाईला म्हणाले, "तूच सांग, काय करू या मयुरेशचं? तू म्हणशील तर आज काढून टाकतो."

मयुरेश मान खाली घालून उभा होता. मी मनात म्हणत होतो, सांग तानुबाई, हाकलून दे त्याला.

"काढू नगा मालक," ती म्हणाली.

काकांना वाटलं, तिला दया आली. मलाही तसंच वाटलं आणि मी तिच्यावर चिडलो. पण ती पुढे बोलली.

"काढला तर दुसरीकडं जाईल, तिथं बी फळा लावील. हितंच ठिवा. माझ्या बाजूला स्टूल टाकून बसवा. काम मोजायचं त्याला लय वेड हाय ना, मोजू द्या. सकाळचं मोजू द्या, जेवनानंतर झोप येती तवाचं मोजू द्या, उनाळ्यात पत्रा तापतो तवाचं बी मोजू द्या. आन् चंदरला परत आना. मशीन चालू करायची किल्ली त्याच्याकडं द्या. त्यानं खीळ बघायची, जाळी बघायची, मंगच किल्ली द्यायची. साहेबांनी रोज सकाळी ती त्याच्याकडनं मागून घ्यायची."

काकांनी पुतण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तसंच होईल."

तेव्हा मला कळलं, ती माझ्यापेक्षा फार पुढची होती. मी एका क्षणाचा सूड मागत होतो. तिने रोजचा घेतला.

मयुरेश माझ्याशेजारी स्टुलावर बसू लागला. पहिले दिवस त्याला माझ्या प्रत्येक ठोक्याला दचकायला व्हायचं आणि मी मुद्दाम, जमेल तेवढ्या मोठ्याने पडायचो. हर्षाली मॅडम मधूनमधून यायच्या आणि काय मोजायचं ते सांगायच्या. एकाच माणसाचं नाही, सगळ्यांचं. चांगल्या दिवसाचं आणि वाईट दिवसाचंही. हात चालू असतात तो वेळ वेगळा, हात रिकामे बसतात तो वेळ वेगळा. आणि त्याला जे सापडलं त्याने तो स्वतःच खजील झाला. वेळ बायकांच्या हातांत जात नव्हताच. कापलेल्या पट्ट्या शेडच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या असायच्या आणि त्या यायची वाट बघण्यात वेळ जायचा. बोथट डाय बदलायला पाना सापडत नसायचा, त्यात जायचा. वाकडे तुकडे पुन्हा करण्यात जायचा.

"मग पट्ट्या ठेवायचं टेबल इकडे आणा," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्याने किती वाढतं बघा. जेवढं वाढेल तेवढंच पुढचं उद्दिष्ट ठेवा. सगळ्यांना गाठता येईल असं. गाठलं की मग पुढचं."

टेबल जवळ आलं. मयुरेशने फळ्यावरची नावं पुसली आणि तिथे 'आज काय अडलं' एवढंच लिहिलं. उद्दिष्ट ठेवलं तासाला चारशेवीस. आकडा लिहिण्याआधी तो तानुबाईकडे वळला. "जमेल?" त्याने विचारलं.

"चालत चालत जमंल," ती म्हणाली.

आणि जमलं. जाळीसकट, बटणांसकट, पाणी पिऊन जमलं. पुढे त्यात आणखी थोडी भर पडली. वाया जाणारे तुकडे तर इतके कमी झाले की मॅडमनी आमच्या कारखान्याचं उदाहरण दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. पण ते सांगताना त्या मयुरेशचं नाव घेत नाहीत, हे मला फार आवडतं.

चंदर परत आला तो पहिला दिवस मला आठवतो. त्याने माझी खीळ बघितली, जाळी ओढून बघितली, बटणं तपासली. मयुरेश किल्ली घ्यायला पुढे आला, नजर जमिनीवर. चंदरने उजवा हात पुढे केला. तोच हात. उरलेल्या बोटांत किल्ली होती. पण त्याने ती सोडली नाही.

"साहेब, इकडं बघा," तो म्हणाला.

मयुरेशने बघितलं. मग चंदरने किल्ली सोडली. त्यानंतर आजवर एकही सकाळ अशी गेली नाही की मयुरेशला त्या हाताकडे बघावं लागलं नाही. त्याने एकदाही टाळाटाळ केली नाही, हेही खरं. कोणी म्हणतं, तो बदलला. बदलला असेल. मी त्याला माफ केलेलं नाही. चंदरने केलंय का, ते मी विचारलं नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत चंदर आणि तानुबाई माझ्या सावलीत डबा खात बसले होते. त्याने विचारलं, "मावशी, खरं सांग. त्या दिवशी त्याचा हात का ओढलास?"

तानुबाईने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "वडायचा नव्हता," ती म्हणाली. "मनात ठरवलं व्हतं, नाय वडायचा. हात आपोआप गेला."

"मी नसता ओढला," चंदर म्हणाला.

मग तिने आपल्या डब्यातली भाजी त्याच्या डब्यात वाढली. पण मनातून मी चंदरच्या बाजूने होतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या साहेब होईल, कोणी बाईसाहेब होईल. तुमच्या हातात घड्याळ येईल, फळा येईल. काम मोजा, त्यात काही वाईट नाही. पण मोजायच्या आधी त्या माणसाच्या शेजारी स्टूल टाकून बसा, आणि तो थकेपर्यंत बसा. त्याला गाठता येईल तेवढंच पुढे ठेवा. त्याच्या यंत्राला तेल द्या, झिजलेली खीळ त्याच दिवशी बदला, आणि कडकड ऐकू आली असं कोणी सांगितलं तर रविवारची वाट बघू नका. नाहीतर तुमच्या कारखान्यातही एखादी तानुबाई ती कडकड ऐकेल आणि गप्प उभी राहील. तिचा हात आपोआप पुढे जाईलच, असं मी तरी तुम्हाला सांगू शकत नाही.